दोन्ही मॉड्यूल ठणठणीत, जोडल्यावर मात्र पदार्थ नाही: काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

"ताई, वेगवेगळे चालवले तर दोन्ही चालतात. एकत्र केले की काहीच येत नाही."

हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकते आहे, आणि सुरुवातीच्या काळात स्वतःही म्हटलं आहे. विषय पॉलिकीटाइड सिंथेजचा, म्हणजे पीकेएसचा. एरिथ्रोमायसिन, किंवा आपल्या पिंपरीच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनाकडून मिळालेलं हामायसिन, अशी औषधं जिवाणू याच अवाढव्य एन्झाइमांवर बांधतात. एका पीकेएसचं मॉड्यूल (साखळीत एक कडी वाढवणारा संच) काढून दुसऱ्याला जोडलं तर नवा रेणू मिळेल, हा हिशोब कागदावर सरळ दिसतो. नळीत तो बहुतेक वेळा फसतो. तो फसल्यावर मुलं सगळ्यात महाग आणि अवघड दुरुस्तीला आधी हात घालतात, म्हणून हे लिहायला घेतलं. उदाहरणं बहुतेक डीईबीएसची, म्हणजे एरिथ्रोमायसिनचा सांगाडा बांधणाऱ्या पीकेएसची आहेत, कारण या घराण्यात सर्वाधिक अभ्यास त्याचाच झाला आहे.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढचं वाचा.

- डीईबीएस १ च्या शेवटी थायोएस्टरेज (तयार साखळी सोडणारा भाग, पुढे नुसतं टीई) लावलेली मूळ जोडी ट्रायकीटाइड लॅक्टोन नीट देते. तुमचा कायमेरा, म्हणजे परक्या मॉड्यूलची जोडी, देत नाही, किंवा त्याच्या शंभरातला एखाद-दुसरा भाग देतो.
- जेलवर दोन्ही प्रथिनांचे पट्टे ठसठशीत आहेत.
- ३४० नॅनोमीटरवर एनएडीपीएच उतरत नाही, रेघ कोऱ्या नमुन्यासारखी आडवी राहते.
- पूर्ण पदार्थाऐवजी डायकीटाइड आम्ल सापडतं. साखळी पहिल्या मॉड्यूलवर तयार झाली, पुढे गेली नाही आणि हळूहळू पाण्यानं तुटून सुटली.
- प्रथिनं भरपूर घातली तर थोडं काही दिसतं, नेहमीच्या प्रमाणात दिसत नाही.

एक लक्षण मात्र या आजाराचं नव्हे. पुढच्या मॉड्यूलमध्ये चालता केआर (एनएडीपीएच वापरून कीटोन कमी करणारा भाग) असूनही १७२ ऐवजी १७० वस्तुमानाचा कीटोलॅक्टोन मिळत असेल, तर साखळी पुढे गेलेली आहे. तिथे केआर किंवा एनएडीपीएच बघा, मॉड्यूलची जोडणी उसकटू नका.

बिघाड कुठे होतो ते आधी

डीईबीएसमध्ये तीन प्रथिनं आहेत. प्रत्येक ३०० किलोडाल्टनच्या वर, प्रत्येकात दोन मॉड्यूल, आणि प्रत्येक प्रथिन स्वतःच्याच जुळ्यासोबत जोडीनं राहतं. एक प्रोपिओनिल-कोए आणि सहा मिथाइलमॅलोनिल-कोए घेऊन ती ६-डीऑक्सिएरिथ्रोनोलाइड बी बांधतात. वाढती साखळी कधीच मोकळी नसते. ती एसीपी नावाच्या छोट्या डोमेनच्या (प्रथिनाच्या स्वतंत्र कामाच्या भागाच्या) हातावर असते. हा हात म्हणजे फॉस्फोपँटेथीन, लांबी जेमतेम २ नॅनोमीटर.

स्लॅब पडतो त्या दिवशी घमेलं हातोहात वर जातं. पुढचा माणूस जवळ हवा, आपल्याकडे तोंड करून हवा, आणि त्याचे हात रिकामे हवेत. एसीपीचं असंच असतं, फक्त त्याला दोन ठिकाणी हजेरी लावावी लागते. आधी स्वतःच्या मॉड्यूलच्या केएसकडे (साखळी जोडणाऱ्या डोमेनकडे), साखळी वाढवायला. मग पुढच्या मॉड्यूलच्या केएसकडे, साखळी सोपवायला. दोन मॉड्यूल वेगवेगळ्या प्रथिनांवर असतील तर त्यांच्या टोकांना डॉकिंग डोमेन असतात आणि ते दोघांना जवळ धरून ठेवतात. म्हणजे कायमेरा अडतो तो तीनपैकी एका जागी: डॉकिंग जुळत नाही, एसीपी नव्या केएसवर नीट बसत नाही, किंवा केएसला ती साखळीच चालत नाही. बहुतेक जण तिसऱ्या कारणापासून सुरुवात करतात. २०१६ साली माया क्लाउस, चैतन खोसला आणि सहकाऱ्यांनी कायमेरिक पीकेएसची मोजमापं छापली. त्यांचा निष्कर्ष होता की वेग मुख्यतः प्रथिनांच्या आपसातल्या संबंधांवर ठरतो, साखळीच्या ओळखीवर तितका नाही. माझा अनुभवही तोच आहे. केएसची निवड आड येतच नाही असं मी म्हणत नाही. ती तपासायची पाळी शेवटी येते, एवढंच.

१. मूळ जोडी त्याच दिवशी, त्याच बॅचमध्ये चालवा

खर्च जवळजवळ शून्य. गेल्या महिन्यात चाललेली मूळ जोडी आजचा पुरावा होत नाही. तेच बफर, तोच एनएडीपीएच, तेच मिथाइलमॅलोनिल-कोए घेऊन ती शेजारच्या नळीत चालली पाहिजे. सोबत एक नळी अशी ठेवा जिच्यात केएसच्या सक्रिय सिस्टीनच्या जागी अॅलानिन आहे. तिच्यातही "पदार्थ" दिसला तर तो पदार्थ नव्हे, मागच्या नमुन्याचा अवशेष आहे.

मोजता कशावर तेही बघा. ट्रायकीटाइड लॅक्टोन यूव्ही डिटेक्टरवर जवळपास दिसत नाही, कारण त्यात प्रकाश शोषणारा म्हणावा असा गट नाही. एकानं यूव्हीवर "काहीच नाही" म्हणून काम सोडून दिलं होतं. तोच नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर टाकला तर पदार्थ होता. बघायची वस्तुमानं: १७३.१२ प्रोटॉनसह, १९५.१० सोडियमसह, १५५.११ पाणी गेल्यावर. अर्धवट आम्लंही शोधायची असतील तर इथाइल अॅसिटेट घालण्यापूर्वी नमुना आम्लधर्मी करा. तसं केलं नाही तर ती पाण्यातच राहतात आणि साखळी कुठे अडली याचा सगळ्यात चांगला पुरावा सिंकमध्ये जातो.

२. नकाशा पुन्हा वाचा, प्लाझ्मिड पूर्ण वाचून घ्या

मॉड्यूल एकमेकांसारखी असतात आणि या जनुकांमध्ये जी-सीचं प्रमाण साधारण ७० टक्के असतं. प्रायमर भलत्या मॉड्यूलवर बसतो, तुकडे गळतात, सांध्याजवळ एखादा बेस जातो. फक्त सांध्यांचं सिक्वेन्सिंग पुरत नाही, अख्खं प्लाझ्मिड वाचून घ्या.

नकाशावर मी तीन गोष्टींवर बोट ठेवून विचारते. वरच्या (साखळी देणाऱ्या) प्रथिनाच्या शेवटचं डॉकिंग डोमेन आणि खालच्या (साखळी घेणाऱ्या) प्रथिनाच्या सुरुवातीचं डॉकिंग डोमेन एकाच मूळ जोडीतले आहेत का? शेवटचा तुकडा साधारण ८० ते १०० अमिनो आम्लांचा असतो, सुरुवातीचा ३० ते ४०. शुद्धीकरणासाठीचा हिस्टिडिन टॅग कुठल्या टोकाला लावला आहे? खालच्या प्रथिनाच्या सुरुवातीला लावला असेल तर तो थेट डॉकिंगच्या तोंडावर बसला आहे. आणि टीई लावताना शेवटचं डॉकिंग डोमेन कापलं गेलं, ते नंतर वरच्या मॉड्यूलमध्ये परत घातलं का? ही तिसरी चूक वारंवार होते, कारण टीई लावलेलं बांधकाम आधीच फ्रीजरमध्ये असतं आणि लोक त्यावरून पुढे काम करतात.

डॉकिंग डोमेनांचीही घराणी आहेत. डीईबीएस २ आणि ३ यांच्यामधली जोडी एका प्रकारची, पिक्रोमायसिनच्या पीकेएसमधली शेवटची जोडी दुसऱ्या प्रकारची. दोन्ही गुंडाळलेल्या हेलिक्सांच्या जुड्या आहेत, पण रचना वेगळी. घराणीच वेगळी असतील तर पुढच्या सगळ्या चाचण्या वाया जाणार आहेत. संगणकावर दोन्ही टोकांची जोडी आल्फाफोल्डला (प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या प्रोग्रामला) देऊन बघायला हरकत नाही, डॉकिंगसाठी ते बऱ्यापैकी उपयोगी पडतं. एसीपी आणि केएस यांच्या क्षणभराच्या भेटीसाठी मात्र त्या चित्रावर मी निर्णय घेत नाही.

३. ई. कोलाय खरंच बीएपी१ आहे का

ही तपासणी एका पीसीआरची आहे. तीच टाळल्यामुळे माझे चार महिने गेले.

एसीपीला हात जन्मतः नसतो. फॉस्फोपँटेथीन नंतर बसवावं लागतं, आणि ई. कोलायचं स्वतःचं एन्झाइम पीकेएसच्या एसीपींवर ते काम नीट करत नाही. म्हणून बीएपी१ हा प्रकार वापरतात. २००१ साली फायफर, खोसला आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायमध्ये पहिल्यांदा ६-डीऑक्सिएरिथ्रोनोलाइड बी बनवलं ते याच्यातच. त्याच्या जीनोममध्ये बॅसिलस सबटिलिसचं एसएफपी जनुक बसवलेलं आहे. साध्या ई. कोलाय बीएल२१ शेजारी प्लेटवर ठेवलं तर दोन्ही सारखेच दिसतात.

मला मिळालेल्या डबीवर निळ्या मार्करनं बीएपी१ लिहिलेलं होतं. प्रथिन सुंदर यायचं. लिटरला कितीतरी मिलिग्रॅम, जेलवर एकच पट्टा, वरच्या बाजूला, अगदी काळा. पदार्थ शून्य. केएसला साखळी नको आहे असं ठरवून मी केएसमध्ये एकामागून एक बदल केले. शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एकीनं तिच्याकडचं फ्लुरोसंट कोए (चमकणारं कोएन्झाइम ए, एसीपीचा हात यातूनच येतो) दिलं. प्रथिन, एसएफपी आणि ते कोए अर्धा तास एकत्र ठेवलं, जेल चालवलं, अंधारात दिव्याखाली धरलं. पट्टा असा चमकला की मी उभ्या उभ्या खाली बसले. एसीपी आधीच हातासह असतं तर नवं कोए बसायला जागाच नसती आणि पट्टा अंधारा राहिला असता. चमकला याचा अर्थ सगळी एसीपी बिनहाताची होती. डबीत बीएल२१ होता.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी एसएफपी जनुकाची पीसीआर. मग फ्लुरोसंट कोएची चाचणी. सोय असेल तर ट्रिप्सिननं कापून मास स्पेक्ट्रोमीटरवर बघा: हात असलेल्या पेप्टाइडचं वस्तुमान ३४० नं वाढलेलं असतं आणि तोडल्यावर २६१.१ चा आयन निघतो. तो आयन दिसला की शंकेला जागा उरत नाही.

४. प्रथिन अख्खं आहे का

डीईबीएस १ साधारण ३७० किलोडाल्टनचं आहे. बारा टक्क्यांच्या जेलवर ते विहिरीच्या तोंडाशीच अडकतं. ३ ते ८ टक्क्यांचं ट्रिस-अॅसिटेट जेल घ्या. पण जेलवर एक गोष्ट कधीच दिसणार नाही, आणि ती नेमकी आपल्या कामाची आहे. डॉकिंग डोमेन लवचीक लिंकरच्या (जोडणाऱ्या दुव्याच्या) टोकाला लोंबतं, प्रोटीएज आधी तिथेच चावतं. १० किलोडाल्टनचा तुकडा गेला तर ३७० चा पट्टा ३६० ला दिसेल, आणि हा फरक तुमचा डोळा पकडू शकत नाही. पट्टा ठसठशीत, प्रथिन "शुद्ध", आणि जोडायचं टोकच गायब.

यावर दोन उपाय आहेत. वरच्या प्रथिनाचा टॅग डॉकिंगच्या पलीकडे, अगदी शेवटी लावा, म्हणजे टोक गेलेलं प्रथिन निकेल कॉलमवर धरलंच जाणार नाही. लिंकर जरा मोकळा ठेवा आणि मूळ जोडीतही तसाच टॅग लावून तुलना करा. ते शक्य नसेल तर प्रोटिओमिक्सवाल्यांना शेवटचं पेप्टाइड सापडतंय का तेवढं विचारा. पेशी फोडल्यापासून सगळं काम बर्फात करा, प्रोटीएज रोधक घाला, आणि सायंकाळी अर्धवट सोडून सकाळी पुढे नेऊ नका.

सोबत साइज-एक्सक्लुजनही (आकारानुसार प्रथिनं वेगळी करणारा कॉलम) करून घ्या. शिखर कॉलमच्या सुरुवातीलाच, व्हॉइडमध्ये आलं तर प्रथिन गोळा होऊन बसलं आहे. जुळ्याच्या जागी आलं पाहिजे. गोळा होत असेल तर १८ अंशांवर, कमी आयपीटीजीवर (प्रथिन बनवणं सुरू करणारं रसायन), रात्रभर वाढवा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

५. कच्चा माल

इथे फार वेळ नको. पेशीत करत असाल तर प्रोपिओनेट घातलं का, आणि मिथाइलमॅलोनिल-कोए बनवणारं प्रोपिओनिल-कोए कार्बोक्झिलेज आहे का, एवढं बघा. नळीत करत असाल तर ताजं मिथाइलमॅलोनिल-कोए घ्या, किंवा मॅटबी एन्झाइम, मिथाइलमॅलोनेट, कोए आणि एटीपी घालून तिथल्या तिथे बनवा. दोन्ही आरशातल्या रूपांचा मिश्र प्रकार वापरत असाल तर त्यांची अदलाबदल करणारं एपिमरेजही घाला, कारण एटी (कच्चा माल उचलणारं डोमेन) फक्त (२एस) रूप उचलतं. मूळ जोडी त्याच मालावर चालली असेल तर ही पायरी पारच झाली.

६. प्रमाण वाढवून बघा, मीठ कमी करून बघा

एका दुपारचं काम आहे. नवीन काही बांधायचं नाही, काही मागवायचं नाही. आणि माहिती मात्र सगळ्यात जास्त इथेच मिळते. तरी दहातले आठ जण ही चाचणी केलेली नसताना माझ्याकडे येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

डॉकिंग डोमेनांची पकड मुळातच सैल असते, काही मायक्रोमोलरपासून काही दशक मायक्रोमोलरपर्यंत. नळीत दोन्ही प्रथिनं १ मायक्रोमोलर असतील आणि जोडी अनोळखी असेल तर बहुतेक रेणू एकटेच फिरत असतात. वरचं प्रथिन १ मायक्रोमोलर ठेवा. खालचं १, २, ५, १० आणि जमलं तर २० मायक्रोमोलर. प्रथिनासोबत ग्लिसरॉल आणि मीठही नळीत जातं, ते सगळ्या नळ्यांत सारखं करून घ्या, नाहीतर तुम्ही ग्लिसरॉलचा परिणाम मोजाल. वेग कशाशी ताडायचा? शुद्ध प्रथिनांचा पूर्ण डीईबीएस नळीत मिनिटाला साधारण एक रेणू बनवतो. म्हणजे मुळात हे काम सावकाश आहे, दहा मिनिटांत निकाल लावू नका.

तीन चित्रं दिसतात.

खालचं वाढवत गेल्यावर वेग चढत जातो आणि मूळ जोडीच्या जवळ पोचतो: दोघं एकदा भेटले की काम करतात. बिघाड फक्त डॉकिंगचा. पायरी ८.

वेग थोडा चढतो आणि खालच्याच पातळीवर सपाट होतो: भेट होते, हस्तांतर होत नाही. एसीपी आणि केएसचा सांधा किंवा केएसची निवड. पायरी ७ करून मग ९.

काहीच हलत नाही: खालचं मॉड्यूल जिवंत आहे याची खात्री अजून झालेली नाही. पायरी ७.

मग तीच मालिका ५०, १५० आणि ३०० मिलिमोलर मिठात करा. डॉकिंगच्या पकडीत विरुद्ध विद्युतभारांच्या जोड्यांचा मोठा वाटा असतो. मीठ कमी केल्यावर पदार्थ दुप्पट-तिप्पट झाला, तर डॉकिंगवरचा संशय पक्का होतो. निकेल कॉलमवरून उतरलेलं प्रथिन तसंच नळीत घातलं तर किती मीठ सोबत येतं तेही एकदा मोजा.

दोन्ही मॉड्यूल एकाच प्रथिनात सलग जोडलेली असतील तर प्रमाणाची चाचणी लागू नाही. तिथे लिंकर मूळ लांबीचा आणि मूळ घराण्याचा आहे का तेवढं बघून पुढे जा.

७. खालच्या मॉड्यूलला साखळी परस्पर द्या

वरच्या प्रथिनाला बाजूला ठेवा. डायकीटाइडचा एन-अॅसिटिलसिस्टिअमीन थायोएस्टर, ज्याला सगळे स्नॅक म्हणतात, तो खालच्या मॉड्यूलला २ ते ५ मिलिमोलर द्या. प्रमाण इतकं जास्त लागतं, कारण हातावरची साखळी केएसच्या दारात आणून ठेवलेली असते आणि स्नॅकला पोहत यावं लागतं. मॉड्यूलच्या शेवटी टीई असू द्या.

पदार्थ आला तर केएस ही साखळी घेतो, एटी माल उचलतो, टीई सोडतो, सगळं ठीक. बिघाड सांध्यात आहे हे सिद्ध झालं. डीईबीएसचं मॉड्यूल ३ वापरत असाल तर मात्र १७२ शोधू नका. त्याचा केआर कीटोन कमी करत नाही, तिथे १७० हीच योग्य खूण.

पदार्थ आला नाही तर त्याच मॉड्यूलला त्याच्या मूळ साखळीशी मिळताजुळता स्नॅक द्या. तोही चालला नाही तर मॉड्यूल मोडलेलं आहे. एटी बदलला असेल तर कापलं कुठे ते बघा: २०१७ साली सातोशी युझावा आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या कापण्याच्या जागा ताडून पाहिल्या, आणि केएस-एटी लिंकर व एटीनंतरचा लिंकर सोबत नेणारी कापणी टिकाऊ ठरली. मूळ चालला आणि तुमचा नाही, तर मग केएसच्या निवडीवर बोट ठेवायला तुम्हाला हक्क आहे. आता केएसमध्ये बदल करायला घ्या.

स्नॅक स्वतः बनवू नका असं मी सांगते, तुम्ही सेंद्रिय रसायनशास्त्राचे नसाल तर. थायॉलचा वास मजलाभर पसरतो हे एक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन कायरल केंद्रं बरोबर आणावी लागतात. चुकीचा समावयव दिला तर निरोगी मॉड्यूलही नाही म्हणेल आणि तुम्ही त्यालाच दोष द्याल.

८. डॉकिंग बदला

वरच्या प्रथिनाच्या टोकाला खालच्याच्या मूळ जोडीदाराचं डॉकिंग लावा, किंवा दोन्हीकडे एकच ओळखीची जोडी बसवा. डीईबीएस २ आणि ३ मधली चांगली, तिची रचना २००३ साली केंब्रिजमध्ये एनएमआरनं उलगडली गेली. हा मार्ग आहे हे १९९९ साली राजेश गोखले आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डला खोसलांच्या प्रयोगशाळेत दाखवलं: लिंकर योग्य असतील तर अनोळखी मॉड्यूलमध्येही साखळी पुढे जाते. चैतन खोसला आयआयटी मुंबईचे, १९८५ चे बीटेक. पवईतून निघालेल्या माणसाचं नाव या विषयाच्या पानापानावर आहे, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते.

नैसर्गिक जोडी कमी पडली तर सिंझिप लावा. ही मुद्दाम घडवलेली हेलिक्सांची जोडी आहे, पकड नॅनोमोलरमध्ये, म्हणजे डॉकिंगपेक्षा कितीतरी घट्ट. ग्रिनिंगरांच्या गटानं २०१९ साली ती कायमेरिक पीकेएसवर वापरली. लावताना दिशा बघा: सिंझिप १७ आणि १८ ही जोडी उलटसुलट दिशेनं गुंडाळते, त्यामुळे लिंकर किती मोकळा सोडायचा हे कागदावर काढून ठरवा. घट्ट पकड म्हणजे चांगला वेग असं धरून चालू नका. सिंझिप लावल्यावरही पायरी ६ ची प्रमाणाची चाचणी पुन्हा करा. आता रेघ १ मायक्रोमोलरपासूनच सपाट हवी. सपाट आहे आणि तरी खालीच आहे, तर डॉकिंगचा प्रश्न मिटला आणि उरला एसीपी-केएसचा.

९. एसीपी आणि केएसचा सांधा

इथून पुढे प्रत्येक प्रयत्न महिन्यांचा आहे.

पहिला विचार सगळ्यांना एकच सुचतो: वरच्या मॉड्यूलचा एसीपी काढून नव्या केएसचा मूळ जोडीदार एसीपी तिथे बसवू. बसवल्यावर हस्तांतर सुधारतं, पण वरच्या मॉड्यूलचा स्वतःचा केएस या पाहुण्या एसीपीवर साखळी वाढवायला कुरकुरतो. एक सांधा दुरुस्त, दुसरा नादुरुस्त. शिवेन कपूर आणि सहकाऱ्यांनी २०१० आणि २०१२ साली डीईबीएसवर हे सोडवायचा धागा दिला. साखळी वाढवताना केएस एसीपीचा पहिला लूप ओळखतो, आणि पुढे सोपवताना पहिल्या हेलिक्सच्या सुरुवातीचा भाग महत्त्वाचा ठरतो. म्हणजे अख्खा एसीपी न बदलता हेलिक्सचा तो छोटा भागच बदलून बघता येतो. मी आधी हाच प्रयत्न करते, कारण एका प्रायमरच्या जोडीत काम होतं.

दुसरा मार्ग म्हणजे सांधाच हलवायचा. एड्रियन कीटिंग-क्ले यांनी २०१७ साली मॉड्यूलची सीमा केएसच्या आधी न धरता केएसच्या नंतर धरावी असं मांडलं, कारण उत्क्रांतीत केएस हा आपल्या मागच्या एसीपीसोबतच प्रवास करताना दिसतो. तसं कापलं तर हस्तांतराची जोडी मूळचीच राहते. केएस आणि पुढचा एटी यांच्यातला लिंकर मात्र परका होतो, आणि पुढच्या एसीपीला परक्या केएसकडे साखळी वाढवायला जावं लागतं. कोणता सांधा परका चालेल हे प्रत्येक जोडीत वेगळं निघतं, म्हणून दोन्ही कापण्या समांतर बांधा.

निराश व्हायचं कारण नाही. २००५ साली मेंझेला आणि सहकाऱ्यांनी आठ पीकेएसमधली १४ मॉड्यूल घेऊन १५४ जोड्या ई. कोलायमध्ये तपासल्या, आणि जवळपास निम्म्या जोड्यांनी पदार्थ दिला. एकाच जोडीवर वर्ष घालवण्यापेक्षा तेच खालचं मॉड्यूल आणखी चार वरच्यांसोबत तपासणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

पायरी ३ ला मास स्पेक्ट्रममध्ये हाताचं पेप्टाइड सापडत नसेल आणि फ्लुरोसंट चाचणी काही वेगळंच सांगत असेल, तर तिथेच थांबा. प्रोटिओमिक्सच्या जाणकाराला नमुना द्या. अर्धा-अर्धा हात बसलेलं प्रथिन पुढच्या सगळ्या आकड्यांना खोटं पाडतं.

किरणोत्सारी मिथाइलमॅलोनिल-कोए वापरून "साखळी कुठे अडली ते लगेच बघू" असं कोणी सुचवलं, तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आणि प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय त्याला हात लावू नका. परवानगी असलेल्या प्रयोगशाळेकडे प्रथिन पाठवा. कायमेरा स्ट्रेप्टोमायसिसमध्ये न्यायचा असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्या, नंतर नाही.

आणि स्नॅक चालतो, हात बसलेला आहे, सिंझिपसह रेघ सपाट आहे, हेलिक्सचा बदल आणि केएसनंतरची कापणी दोन्ही करून झाल्या, तरी पदार्थ मूळ जोडीच्या पाच टक्क्यांखालीच आहे, तर बांधकाम थांबवा. आता प्रश्न आकाराचा आहे आणि तो क्रायो-ईएम किंवा एनएमआरच्या माणसाचा आहे. २०१४ साली पिक्रोमायसिनचं एक अख्खं मॉड्यूल आणि २०२१ साली डीईबीएसचं मॉड्यूल १ क्रायो-ईएमनं दिसलं, तेव्हा एसीपी मॉड्यूलच्या आत जागा बदलत फिरतो हे डोळ्यांनी बघता आलं. तुमचा एसीपी कुठे अडकून बसतो ते त्यांनाच दिसेल.

त्यांच्याकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. साइज-एक्सक्लुजनचं शिखर, शेवटचं पेप्टाइड सापडल्याचा पुरावा, हात बसल्याचा २६१.१ चा आयन, प्रमाणाच्या आणि मिठाच्या दोन्ही मालिका, आणि एकदाच गोठवलेल्या प्रथिनाच्या छोट्या नळ्या, प्रत्येकीवर तारीख आणि बफर लिहिलेला. पहिल्या भेटीत ते हेच मागतात.